शंभरावं मेंढरू

शेळीच्या डोळ्यातली बाहुली गोल नसते. ती आडवी असते, गव्हाच्या दाण्याएवढी लांब, आणि दोन्ही टोकांना छाटल्यासारखी. शेळी मान वर करून उभी असली की ही रेघ जमिनीला समांतर असते, यात नवल नाही. पण शेळीनं चरायला मान खाली घातली तरी रेघ समांतरच राहते. म्हणजे डोकं जितकं खाली वळतं तितकाच डोळा आतल्या आत उलटा फिरत असला पाहिजे. कलाबाईनं ही गोष्ट मोहटोल्याच्या प्रार्थनाघरात, बाकी सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना, ओळीनं चार रविवार पाहून पक्की केली होती. पहिल्या रविवारी तिला तो भास वाटला. चौथ्या रविवारी तिनं येताना मुद्दाम बोरीची डहाळी आणली आणि ऐन प्रार्थनेत शेळीपुढे टाकली.

प्रार्थनाघरात शेळ्या कशा, असं कोणी बाहेरचा विचारी. उत्तर सोपं होतं. मोहटोल्यात शेळ्या राखायचं काम पोरांचं. रविवार असो की सोमवार, शेळीला दोन्ही सारखे. तेव्हा शब्बाथ शाळेला, म्हणजे रविवारच्या शाळेला, पोरं हवी असतील तर शेळ्याही घ्याव्या लागत. पाळक बापूजींनी पहिलं वर्षभर याला विरोध केला. त्या वर्षी शब्बाथ शाळेत एकच मुलगा होता, आणि त्याचा पाय मोडलेला होता. मग त्यांनी शास्त्र उघडून पाहिलं, मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे असं स्पष्ट लिहिलेलं त्यांना सापडलं, आणि त्यांनी परवानगी दिली. शेळ्या डावीकडे बसत. उजवी बाजू मेंढरांसाठी मोकळी ठेवलेली असे. मेंढरू मोहटोल्यात एकही नव्हतं, त्यामुळे मुलं मधल्या पट्टीत दाटीवाटीनं बसत.

कलाबाई इथं एका वर्षासाठी आली होती, त्याला सहा वर्षं झाली. नागपूरला इंटर सायन्सपर्यंत शिकलेली ही एकतीस वर्षांची बाई रोजच्या शाळेत सोमाजी मास्तरांना मदत करी आणि रविवारी अकरा मुलांना दाखले शिकवी. दीड वर्षापूर्वी चांद्याच्या मुलींच्या शाळेतून तिला पत्र आलं होतं. शास्त्र शिकवायला बाई हवी होती. शाळेनं सूक्ष्मदर्शक मागवला होता. तो पेटीतून काढायचा कसा हे तिथं कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून पेटी तशीच होती. कलाबाईनं ते पत्र इतक्या वेळा वाचलं होतं की घडीवर ते फाटलं होतं. दुसरं पत्र आलं. तिसरं फाल्गुन लागता लागता आलं: पंधरा दिवसांच्या आत, सोमवारच्या डाकेनं होय की नाही ते कळवा, नाहीतर आम्ही दुसरी बाई पाहतो.

रोजच्या शाळेला सोमाजी मास्तर होते. रविवारच्या शाळेला तिच्यामागे कोणी नव्हतं. ती गेली की ही अकरा पोरं शेळ्या घेऊन रानात पांगतील आणि पुन्हा या दारात येणार नाहीत, हे तिला दोन अधिक दोन इतकं स्वच्छ दिसे. दर रविवारी उपासना संपली की बापूजी जोडे घालता घालता विचारत, "मग कलाबाई, चांद्याला काय कळवू?" आणि ती म्हणे, "पाहू."

फाल्गुनातल्या एका रविवारी तिनं हरवलेल्या मेंढराचा दाखला घेतला. परदेशातून आलेलं मेंढराचं रंगीत चित्र तिनं वर धरलं.

"हे काय आहे?"

"शेळीवर कापूस उगवला जी," कोलू म्हणाला.

तिनं दाखला सांगितला. एका माणसाची शंभर मेंढरं होती. त्यातलं एक हरवलं. तेव्हा तो नव्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या शोधात गेला. इथं साधारणपणे मुलं खूश होतात असं शिक्षकांच्या पुस्तकात छापलं होतं. मोहटोल्याच्या मुलांच्या कपाळांना आठ्या पडल्या. मग रंभा उभी राहिली. रंभा गावची गुरं राखणाऱ्या ढोरक्याची, मुखरूची मुलगी, वय दहा.

"कुठी सोडून गेला म्हणता बाई?"

"रानात."

"रानात! आन् राखाले कोन होतं?"

"कोणी नाही."

"वाघ नव्हता का त्या रानात?"

"असेल. लांडगे तर होतेच."

रंभानं मागं वळून बाकीच्यांकडे पाहिलं. "ऐकलं का रे? नव्याण्णव वाघाच्या तोंडी देल्ले आन् एकाच्या मांगं गेला. माह्या बापानं असं केलं असतं तं गावानं त्याले झाडाले बांधलं असतं."

"पयले कोंडवाड्यात घालाव, मंग शोधाव," चंदा म्हणाली. चंदा सात वर्षांची होती, पण तिच्याकडे चार शेळ्या होत्या.

त्या दिवशी मुलांनी सोनेरी वचन पाठ करायला नकार दिला. मेंढपाळाचा निकाल लागल्याशिवाय गाणंही म्हणणार नाही म्हणाली. बापूजींनी हे ऐकलं तेव्हा त्यांच्या हातातली कंदिलाची काच सुटता सुटता राहिली. बापूजी वर्ध्याकडचे. पन्नाशीचे, देहानं भरलेले, आणि घरीदारी पवित्र शास्त्राच्या भाषेत बोलणारे. चहा हवा असला तरी ते "मला तहान लागली आहे" असं म्हणत.

बुधवारी खुद्द मुखरू आला. प्रार्थनाघराचा उंबरा त्यानं जन्मात ओलांडला नव्हता; पण हा त्याच्या धंद्याचा मामला होता. कुऱ्हाड त्यानं दाराशी टेकवून ठेवली.

"पाद्रीबाबा, राग नोका मानू. तुमचा तो मेंढपाळ नवकर होता का मालक?"

"तो मालक, मुखरू. तो प्रभू आहे."

"मालक असन तं त्याचं तो जाने. पर पोरायले असं नोका शिकवू. उद्या माह्यी पोरगी एक वासरू पाहाले जाईन आन् साठ ढोरं रानात सोडून देईन. वाघानं ढोर नेलं तं पुरावा म्हनून मले मालकाले त्याचा कान दाखवा लागते. नव्याण्णव कान मी कुठून आनू?"

बापूजींनी शास्त्र उघडलं आणि मिटलं. ते कलाबाईकडे पाहू लागले. कलाबाई टाचणीनं फळ्यावरच्या भेगेतली धूळ काढत होती.

"करून पाहू," ती म्हणाली.

"काय करून पाहू?"

"दाखला. शंभर घेऊ, नव्याण्णव सोडू, एक शोधू. काय होतं ते दिसेल."

ती कोणत्याही बाबतीत असंच म्हणे. बेडूक पावसाआधी ओरडतो की नंतर, मिठाच्या पाण्यात अंडं तरंगतं की नाही, करून पाहू. फक्त चांद्याचा विषय निघाला की त्यातला पहिला शब्द गळून पडे.

मुखरूला हे पटलं. तो पंच म्हणून बसणार होता. वाघ आला तरच कुऱ्हाड उचलायची, एरवी बोट लावायचं नाही, असं त्यानं दाराच्या चौकटीला हात लावून कबूल केलं. तो रानात असणार म्हणून आयांनीही पोरांना जाऊ दिलं.

अडचण आकड्याची आली. बापूजी म्हणाले, शास्त्रात शंभर आहे, तर शंभरच हवीत. गावात शेळ्या एकाहत्तर भरल्या. वासरं सतरा मिळाली. वासरांबद्दल त्या वचनात काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना घ्यायला हरकत नव्हती. गावातल्या आशाबाईनं आपल्या बारा कोंबड्या देऊ केल्या, पण मुलांनी एकमुखानं नाकारल्या. कोंबडीला कळप कळत नाही. मग मुलांनी स्वतःला मोजलं. अकरा. झाले नव्याण्णव.

"मेंढपाळ कोन?"

"बाई," अकराही जणांनी सांगितलं. त्यात चर्चेला जागाच नव्हती.

"आणि हरवणार कोण?"

हे कठीण होतं. मुलं हरवायला तयार नव्हती, आई मारील म्हणून. शेळीला सांगून हरवता येत नाही. वासरू हरवलं तर गाय रात्रभर हंबरते.  मग बापूजींनी घसा साफ केला.

"मी हरवेन," ते म्हणाले. "आम्ही सर्व मेंढरांसारखे बहकलेले आहोतच."

"कुठी लपसान पाद्रीबाबा?" कोलूनं विचारलं.

"ते मी सांगणार नाही. सांगून हरवलेला तो हरवलेला कसला?"

रविवारी दुपारी उपासना आटोपल्यावर बापूजी निघाले. कोट, जोडे, शास्त्र, पाण्याचा गडू. गावाबाहेरच्या बोडीपर्यंत, म्हणजे तळ्यापर्यंत, सगळे त्यांना पोचवायला गेले, जणू ते विलायतेला निघाले होते. चंदानं त्यांच्या गळ्यात एक घंटा बांधली. त्यांनी ती दहा पावलांवर काढून खिशात घातली, कारण हरवलेलं मेंढरू वाजत असणं त्यांना बरोबर वाटलं नाही.

तासाभरानं, तीन वाजता, कलाबाईनं बोडीच्या पाळीवर उभं राहून कळप मोजला. एकाहत्तर, सतरा, अकरा. मुखरू लांब एका दगडावर कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसला होता. आता सोडून जायचं होतं. प्रयोग म्हणून हे तिनंच सुचवलं होतं. तरी पाय निघेना. मुलं शेळ्यांच्या मधोमध, मेंढरांसारखी म्हणून, हातापायांवर बसली होती आणि तिच्याकडे पाहत होती.

"जा नं बाई," रंभा म्हणाली. "नाई गेल्या तं कसं समजन?"

ती गेली.

रानात शिरल्यावर तिनं पद्धतशीर काम सुरू केलं. जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणल्या होत्या. दर शंभर पावलांवर एक चिंधी बांधायची, पट्ट्या पाडायच्या, एक पट्टी संपली की दुसरी घ्यायची. पहिल्या पट्टीत तिला बापूजींच्या जोड्यांचा ठसा मिळाला. मोहटोल्यात जोडे एकट्या त्यांच्याकडे होते, त्यामुळे शंकेला वाव नव्हता. ठसे नाल्याकडे गेले, परत आले, एका पळसाभोवती तीनदा फिरले आणि पुन्हा नाल्याकडे गेले. सुरुवातीला ते लपायला जागा शोधत होते. तिसऱ्या फेरीनंतर पावलांमधलं अंतर वाढलेलं होतं. म्हणजे तिथून पुढे ते खरोखरच हरवले होते.

पाऊण तासानं मोहाच्या झाडांत तिला कोट दिसला. तो जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर होता आणि त्यात बापूजी होते. खाली मोहफुलांचा सडा पडला होता, आणि त्या सड्यात बसून एक अस्वल फुलं खात होतं.

कलाबाई एका सागाच्या आडोशाला उभी राहिली. वारा तिच्याकडे येत होता, हे बरं होतं. बापूजींनी तिला पाहिलं. त्यांनी ओठ हलवले. आवाज नव्हता, पण ओठांवरून संकटात म्हणायचं एकशे एकविसावं स्तोत्र असावं. तिनं पदराला टाचलेलं घड्याळ पाहिलं. अस्वल एका जागची फुलं संपवी, कुल्ल्यांवर सरके आणि पुढची खाई. बावीस मिनिटं त्यानं हे केलं. मग वर पाहिलं, बापूजींमध्ये त्याला काही विशेष दिसलं नाही, आणि ते झुलत झुलत नाल्यात उतरून गेलं.

तरी ती दोघं लगेच हलली नाहीत. बापूजी वरूनच बोलू लागले. त्यांची भाषा बदलली होती. ती शास्त्रातली नव्हती, वर्ध्याची होती.

"कलाबाई, एक सांगायचं राहिलंय. अस्वल होतं तेव्हा वाटलं, आता सांगायचं राहूनच जातं."

"सांगा. पण हळू."

"चांद्याला मी दोनदा लिहिलं, बाई विचार करून राहिल्या म्हणून. खोटं नाही लिहिलं. पण तुम्ही 'पाहू' म्हटलं की मला बरं वाटायचं. तुम्ही गेल्या तर ही शाळा माझ्या गळ्यात येते. आणि मला," ते थांबले, "मला त्या पोरांची भीती वाटते हो. विशेष करून त्या रंभाची."

"अस्वलापेक्षा?"

बापूजींनी प्रामाणिकपणे विचार केला. "अस्वलानं काही विचारलं नाही," ते म्हणाले.

उतरताना त्यांचा घोटा मुरगळला. इथं पुन्हा शास्त्र आडवं आलं. मेंढपाळ सापडलेलं मेंढरू आनंदानं खांद्यावर घेतो, असं लिहिलं होतं, आणि मुलं त्याबद्दल विचारल्याशिवाय राहणार नव्हती. कलाबाईनं बापूजींकडे पाहिलं, बापूजींनी कलाबाईकडे. शेवटी तिनं त्यांचे जोडे लेसांनी एकत्र बांधून खांद्यावर टाकले आणि काठीला एक फांदी तोडून दिली.

"नव्याण्णवांचं काय चाललं असेल?" ते लंगडत विचारते झाले.

कलाबाई जागच्या जागी थांबली. तिसऱ्या चिंधीपासून पुढे, जवळजवळ सव्वा तास, तिला त्यांची एकदाही आठवण झाली नव्हती. सहा वर्षांत असं झालं नव्हतं. चांद्याचं पत्र वाचतानासुद्धा नाही.

ती चिंध्यांच्या मागावरून झपाझप चालू लागली. बापूजींच्या खिशातली घंटा मागून वाजत येत होती. बोडीवर पोचली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं, आणि पाळीवर कोणी नव्हतं. शेळी नाही, वासरू नाही, पोर नाही. दगडावर मुखरूही नाही. पाण्यात एक बगळा उभा होता.

"देवा," बापूजी म्हणाले. 

कलाबाई खाली वाकली. तिचे डोळे कामाला लागले. लेंड्या ताज्या होत्या. खुरांचे ठसे खोल नव्हते, म्हणजे धावपळ झाली नव्हती. ते पसरलेलेही नव्हते. पाळीवरून एका रेघेत निघून गावाच्या वाटेला लागले होते, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी लहान अनवाणी पावलं. उजवीकडे पाच, डावीकडे सहा. रक्त कुठेही नव्हतं. ती जोड्यांसकट पळाली.

प्रार्थनाघराच्या पडवीत मुखरू बिडी ओढत बसला होता. तिला पाहून त्यानं बिडी विझवली.

"मी बोट नाई लावलं बाई. तुमची शपथ. दिवस कलला तसं त्या म्हाताऱ्या शेळीनं तोंड घराकडे केलं, बाकीच्या तिच्या मांगं निघाल्या. वासरं गायीच्या वासानं. पोरं म्हनत, बाईची वाट पाहू. थोडी पाह्यली. मंग म्हनत, कळप चालला तं आपन कळपासंगं. एकही कमी नाई. मोजून घ्या."

आतून आवाज येत होता. कलाबाई दारात उभी राहिली.

शेळ्या डावीकडे बसल्या होत्या. इतकी वर्षं रिकामी राहिलेली उजवी बाजू वासरांनी भरून गेली होती. मुलं मधल्या पट्टीत, आणि सगळ्यांसमोर रंभा, हातात कापूस उगवलेल्या शेळीचं चित्र. तिनं चित्र तसंच धरलं होतं जसं कलाबाई धरी, डाव्या हातात, थोडं तिरपं, मागच्यांना दिसावं म्हणून.

"तं मंग तो मेंढपाळ गेला," रंभा सांगत होती. "आन् इकडं नव्याण्णवायनं काय केलं? सांगा."

"घरी गेले," सगळे म्हणाले.

"काऊन गेले?"

"रस्ता ठाव होता."

"आन् घरी जाऊन?"

"मोजले."

"किती भरले?"

"नव्याण्णव."

एका वासरानं हंबरून घेतलं. रंभानं त्याला "थांब" म्हटलं आणि ते थांबलं. कलाबाईनं ओठ न हलवता मोजलं. एकाहत्तर. सतरा. अकरा. तिनं पुन्हा मोजलं, उलट्या बाजूनं, कारण एकदा आलेला आकडा तिला पुरत नसे.

"बाई आल्या!" चंदा ओरडली. "पाद्रीबाबा भेटले का?"

बापूजी मागून काठी टेकत आले आणि चौकटीला धरून उभे राहिले. मुलांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कलाबाईच्या खांद्यावरच्या जोड्यांकडे पाहिलं.

"अर्धंच उचलून आनलं," कोलू म्हणाला.

"जास्त वजन होतं," कलाबाई म्हणाली.

रंभानं मान हलवून ते मान्य केलं. "आमी तुमाले शोधाले येनार होतो बाई. सकाळी. आता दोन हरवले होते नं, तुमी आन् पाद्रीबाबा. पयले ह्यायले कोंडून, मंग." मग तिला मूळ मुद्दा आठवला. "आन् निकाल लागला. तो मेंढपाळ चुकलाच. पर त्याची मेंढरं शहानी होती, म्हनून त्याचं निभलं. मेंढरं शहानी असन तं मेंढपाळानं जाले हरकत नाई."

"यावर कोणाचं काही म्हणणं?" कलाबाईनं विचारलं. तिचा आवाज तिला थोडा लांबून आल्यासारखा वाटला.

कोणाचं नव्हतं. पडवीतून मुखरूही "बराबर" म्हणाला. मग निकाल लागल्यामुळे मुलांनी उभं राहून गेल्या रविवारपासून राहिलेलं गाणं म्हटलं. चाल रंभानं धरली. शेळ्यांनी कान हलवले. बापूजी दाराशीच बसले, मुरगळलेला पाय पुढे पसरून, आणि दुसऱ्या कडव्याला हळूच गाण्यात सामील झाले. रंभानं एकदा त्यांच्याकडे वळून पाहिलं, तेव्हा त्यांनी आवाज आणखी वाढवला.

गाणं संपलं. बापूजींनी हात पुढे केला. कलाबाईनं खांद्यावरचे जोडे उतरवून त्यांच्या हातात दिले. एका पायाचा घोटा सुजल्यानं त्यांनी एकच घातला, आणि घालता घालता, इतक्या रविवारांची सवय, त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"मग कलाबाई, चांद्याला काय कळवू?"

प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनी तोच जोडा पुन्हा काढला आणि तो हातात धरून बसून राहिले. डावीकडच्या म्हाताऱ्या शेळीनं बोरीचं वाळलेलं पान हुंगायला मान खाली घातली. तिच्या डोळ्यातली रेघ होती तशीच, जमिनीला समांतर राहिली.

"कळवा, मी येते," कलाबाई म्हणाली. "आणि मी येईपर्यंत सूक्ष्मदर्शकाची ती पेटी कोणी उघडू नका म्हणावं."